लातूरला तंगी हाय

आधीच सांगतो, मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे लिंबू फक्त टायट्रेशनला लागतं, उतरून टाकायला नाही. असल्या गोष्टी कुणी काढल्या की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला... तरीही लिहितोय, कारण माझी धाकटी बहीण आज जिवंत आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. नांदेडला आमच्या विद्यापीठात रक्तदान शिबिर होतं आणि ते माझ्या गळ्यात पडलं होतं. ग्रुपवर मेसेज टाकले, वर्गावर्गात जाऊन घसा कोरडा केला. पोरांनी अंगठे दाखवले — मोबाईलवरचे — आणि त्या दिवशी सगळे गायब! "सर, सुई बघूनच चक्कर येते" म्हणणारे हेच गडी बाइक एका चाकावर उडवतात. दुपारपर्यंत रक्तपेढीचे डॉक्टर, मी आणि रिकाम्या खाटा.

आणि एकदम मुलींच्या हॉस्टेलकडून घोळकाच आला. पुढे आमची एम.एस्सी.ची प्रतीक्षा, लोह्याची.

"सर, घ्या आमचं रक्त. लातूरला लई तंगी हाय म्हणं."

"कोण म्हणालं?"

"मेसमधी एक आजी आल्या होत्या. कपाळाला इभूत लावलेल्या. हात जोडून सांगायल्या होत्या. कुणाला न्हाई म्हणवलं न्हाई."

रक्तपेढीनंच कुणाला तरी प्रचाराला पाठवलं असेल, असं मला वाटलं. मनातल्या मनात आजींना सलाम ठोकला आणि पोरींना आत घेतलं. मुली देताहेत म्हटल्यावर मुलांनाही मग रूमवर बसवेना.

खाटा भरलेल्या असताना लातूरहून मेहुण्यांचा फोन आला. बहिणीला आठवा महिना होता, सकाळपर्यंत ठणठणीत. अचानक रक्तस्राव सुरू झालेला.

"दादा, आत्ता थांबलंय, पण उद्या सकाळी सिझर करावंच लागतंय. डॉक्टर म्हणतेत, ओ निगेटिव्ह हाताशी असल्याबिगर हात लावायचा न्हाई. लातुरात मिळंना झालंय... कुठं फिरू, सांगा!" ते रडत होते.

माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह, काही कामाचा नाही. मी डॉक्टरांकडे वळलो, तर खाटेवरूनच प्रतीक्षा म्हणाली, "सर, माझं ओ निगेटिव्हच हाय की." घोळक्यात आणखी एक निघाली. संध्याकाळी तपासण्या उरकून पिशव्या बर्फाच्या पेटीतून लातूरला रवाना झाल्या. सकाळी सिझर झालं. बहीण वाचली, भाचीही. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडलो.

त्या आजींचे आभार मानायचे म्हणून मी प्रतीक्षाला विचारलं, त्या नेमकं काय म्हणाल्या?

"'लेकरांनो, लातूरला तंगी हाय. तंगीला रक्त पायजे,' असंच म्हणत होत्या. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, सर. रक्ताची तंगी म्हणायचं असंल, असं समजून घेतलं आम्ही."

मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. आमची आई उदगीरकडची, घरात कानडी बोलणारी. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. आई माझ्या बहिणीला जन्मभर तंगीच म्हणायची, आम्हीही तेच म्हणतो. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. विभूती तिच्याही कपाळावर असायची... पण आमच्या लिंगायतांत ती कुणाच्या नसते?

रक्तपेढीनं कुणालाही पाठवलं नव्हतं. मेसवाल्यांनी अशी आजी पाहिलीच नाही, वॉचमननंही नाही. पोरींनी मात्र सगळ्यांनी पाहिली.

आमचे एक सहकारी म्हणतात, देगलूरकडची एखादी कानडी बाई असेल, तिचीच बहीण लातूरला ॲडमिट असेल. असेलही. मला ते अर्धं पटतं, अर्धं नाही. याहून जास्त मला आजही सांगता येत नाही.

पण खरंच तसं असेल, तर तिनं स्वतःच्या बहिणीसाठी पदर पसरून मागितलेलं रक्त माझ्या बहिणीला मिळालं. म्हणून आता प्रत्येक शिबिरात पहिल्या खाटेवर मी असतो. माझं बी पॉझिटिव्ह. कुणाच्या ना कुणाच्या बहिणीला लागतंच.