येते म्हणून गेलेली बाई

लंडनच्या इल्फर्डला आम्ही गेलो ते दोनच वर्षांसाठी, नवऱ्याच्या कंपनीच्या कामावर. माझ्या व्हिसावर छापलं होतं, ‘डिपेंडंट’. त्या शब्दाने माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. म्हणून खटपट करून मी एका बँकेत काउंटरवरची नोकरी मिळवली. अट एकच होती, रुजू होताना नावावर कोर्टाचा ठपका नको.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कोर्टाचं पाकीट आलं. किराणा दुकानांमागच्या खाजगी पार्किंगवाल्यांनी माझ्यावर दावा ठोकला होता. म्हणे, मी गाडीची एक जागा दिवसभर अडवून ठेवली. आता सांगा, मी गेले होते लेकीला घेऊन कोथिंबीर आणि शेंगदाणे आणायला. दिवसभर तिथे काय तंबू ठोकून बसले होते?

कागद नीट वाचले तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी मी गाडी बाहेर काढताना फाटकावरच्या म्हाताऱ्या गोऱ्या रखवालदाराने विचारलं होतं, “लीव्हिंग?” मी काच खाली केली आणि छान हसून म्हटलं, “कमिंग, कमिंग.” पुण्यात वाढलेली बाई दुसरं काय म्हणणार? निघताना ‘जाते’ म्हटलं की आई उंबऱ्यातून परत बोलवायची. जाते म्हणू नये, येते म्हणावं. पण त्या बिचाऱ्याला हे कोण सांगणार? त्याने माझ्या जागेवर रस्ता अडवायचा प्लास्टिकचा शंकू ठेवला आणि दुकानं बंद होईपर्यंत माझी वाट पाहिली.

नवरा आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, “फेकून दे तो कागद. आपण परत जाणारच आहोत. वसुलीला पुण्यापर्यंत कोण येतंय?”

“आणि माझी नोकरी?”

“मग सरळ सांग, मी असं बोललेच नाही. त्याच्याकडे पुरावा कुठाय?”

हे मात्र मला पटलं. खोटं बोलायचं ठरवूनच मी कोर्टात गेले, उगाच कशाला सोवळेपणा सांगू. नवरा मुलीला घेऊन बाहेर बाकावर बसला. आत पिंजरा वगैरे काही नव्हता. एक लांब टेबल, पाण्याचा जग, आणि चष्मा कपाळावर चढवलेले न्यायाधीश. पार्किंगवाल्यांचा वकील होता आणि त्याच्या शेजारी तो म्हातारा, कडक इस्त्रीच्या शर्टात.

म्हाताऱ्याने सगळं खरं खरं सांगितलं. पाऊस होता, लोक त्या जागेसाठी त्याच्याशी भांडत होते, एकाने तर शिवी घातली. “पण बाई येते म्हणाल्या होत्या,” तो म्हणाला, “लहान मूल होतं गाडीत. मी जागा दिली नाही कोणाला.” त्याला माझा राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता.

न्यायाधीशांनी मला विचारलं, “तुम्ही असं म्हणालात?”

झालं. घोटून पाठ केलेलं खोटं त्या म्हाताऱ्यासमोर बोलवेना. “म्हणाले, सर.”

“परत येणार होतात?”

“नाही सर. जात होते.”

वकिलाने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण न्यायाधीश चष्मा डोळ्यांवर घेऊन म्हणाले, “तुमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय होतो, ते मला नीट सांगा. घाई नाही.”

मी सांगितलं. आमच्याकडे जाते असं म्हणून कोणी घर सोडत नाही. पुन्हा भेट होवो, एवढंच त्यात असतं. इंग्रजी अडखळत होतं, तरी कोणी मध्ये बोललं नाही. न्यायाधीश लिहून घेत होते. मग त्यांनी सांगितलं की बाईंनी निरोप घेतला, जागा मागितली नाही. दावा फेटाळला.

म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवत राहिला, पण आता हसत होता.

मी बाहेर आले आणि जे रडू फुटलं ते थांबेचना. या देशात आल्यापासून माझं म्हणणं काय, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. घरीसुद्धा. नवरा घाबरून उठला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, “जाऊ दे गं, नसली नोकरी तर नसली.”

मी जिंकलेय, हे त्याला सांगायलाही मला आवाज फुटेना.