काट्यापासून एक पाऊल मागे

पारड्यात लाकडं रचून झाली की ते दोन्ही हात वर करायचे आणि एक पाऊल मागे सरायचे. काटा स्थिर होईपर्यंत तोंड बंद. मग म्हणायचे, "वजन हे. पुढचं तुम्ही बघा."

तेव्हा घाटकोपरात घरोघरी चुली होत्या. हातगाडी ओढता ओढता मी लाकडांची वखार उभी केली होती, कुणाच्या उपकाराने नाही. हे कोकणातले गृहस्थ माझ्याकडे तोलायला होते. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणे. ते मला शेठ.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बोलायला गरीब, पण त्याच्यासमोर आपलं वाक्य धड पुरं होत नाही. मी म्हणावं, माल पुरवणारा तो ठाण्याचा व्यापारी चोर आहे. ते म्हणत, "माल ओला आहे हे हाताला लागतं, शेठ. चोर कुठे लागला?" मग मी तणतणायचो की ओल्या मालाचं पाणी वजनात घालणं वाईटच. यावर ते मान हलवत. "हे तुमचं मत झालं. मलाही पटतं."

त्याच पावसाळ्यात वखारीचा पत्रा उडाला आणि माझाच माल भिजला. काका म्हणाले, वेगळा ठेवू. मी म्हटलं, सगळ्या वखारी असाच विकतात.

"विकतात हे खरं. म्हणून विकावा, हे कुठून आलं?"

भिजलेला माल मी तसाच विकायला ठेवला. मला धंदा करायचा होता.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या एक मास्तरीणबाई आल्या. लाकडं सुकी आहेत ना, असं त्यांनी विचारलं. मला नाही, काकांना. ते मागे सरून उभेच होते. म्हणाले, "ओली आहेत, बाई."

बाई गेल्या. मागची दोन गिऱ्हाइकंही गेली. माझं डोकं फिरलं. पहिल्यांदाच मी काकांना अरे-तुरे केलं. "ज्याचं खातोस त्याची अब्रू घालवतोस? हे बरोबर आहे का रे?"

ते खरोखरच विचार करू लागले. इतका वेळ, की माझा रागच अवघडला.

"नाही," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर खरं सांगेन, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवायला हवं होतं. ते माझं चुकलं. लाकडं ओली आहेत."

छत्री घेतली आणि गेले.

माझी तक्रार आजही तीच आहे. स्वतःचं काय चुकलं ते सांगून मोकळे झाले. माझं काय, ते बोललेच नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, घासाघीस केली असती, तोडगा काढला असता.

दिवाळीनंतर कळलं की ते कुर्ल्याच्या एका वखारीत आहेत. मी गेलो, तर ते कायमचे गावी निघून गेले होते. माझ्याबद्दल काही म्हणायचे का, असं तिथल्या मालकाला विचारलं.

"मी विचारलं होतं एकदा, घाटकोपरचा शेठ कसा होता, चांगला की वाईट. तर म्हणाले, ते त्यांनाच विचारा." तो माझ्याकडे बघत राहिला. "मग?"

मी त्याच्या काट्याला हात टेकून उभा होतो. हात काढला, एक पाऊल मागे सरलो.

"ओला माल विकत होतो," म्हटलं.

पुढचं तुम्ही बघा, एवढं मात्र माझ्याच्याने म्हणवेना.