खसखशीचे लाडू

शेजारच्या फ्लॅटमधून डिंक तळल्याचा वास आला आणि मी मनाने थेट शारजातल्या रोल्ला भागातल्या त्या जुन्या दुकानात जाऊन पोचले. तिथे घडलेली गोष्ट ऐकून घरी सगळे हसतात. मला अजून हसू येत नाही.

तेव्हा शारजात येऊन मला आठवडाही झाला नव्हता. फळीवर आमसुलं, जाडे पोहे, चक्क गोडा मसाला बघून मला भरून आलं. दुकानदारकाका मालवणचे निघाले. मी लाडक्या भाचीसारखं म्हटलं, "काका, खसखस पण द्या पाव किलो."

त्यांचा हात तराजूवरच थांबला. दाराकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, इथे ती अफूत धरतात. सापडली तर सरळ जेल. परत नाव काढू नका."

माझ्या डोळ्यांसमोर आला आईने बांधून दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. त्यात तिने मूठमूठ खसखस घातली होती. शारजाच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने तो उघडला, तेव्हा मीच कौतुकाने त्याच्यापुढे सरकवला होता, "घर के हैं, एक तो लीजिए."