सामानापाशी

बाळांनो, आपल्या सोलापुरात चढण म्हणावी अशी एकच, रेल्वेच्या पुलाची. झाडीतून टेकडी चढायची तर गाडी काढून बार्शीच्या पुढे वनखात्याच्या उद्यानापर्यंत जावं लागतं. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा आपण सगळे तिथे गेलो होतो.

माझी तयारी आदल्या दिवसापासून चालली होती. कडक भाकरी, धपाटे, शेंगांची चटणी, दही आणि अंथरायला दोन चादरी. पायथ्याशी, गाड्या लावतात त्या मोकळ्या जागेच्या कडेला आपण चादर अंथरली आणि लगेच माकडांनी डबे हेरले. कुणीतरी सामानाजवळ थांबणं आलंच. "मी बसते, तुम्ही जाऊन या," मी म्हटलं. मला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. सहलीला, लग्नात, स्टेशनवर, आपल्या घरात हे वाक्य नेहमी माझंच असतं.

थोरले, तू माझा हात धरून ओढत होतीस. "आजी, चल ना. पाटीवर ईझी लिहिलंय."

"आणि भाकरी कोण सांभाळणार?"

"माकडांना देऊन टाक."

"मग तुझा बाप काय खाईल? पाला?"

तू हसली नाहीस. "पुढच्या वेळी नक्की," असं सांगून मी हात सोडवून घेतला.

उतरून आलात तेव्हा तुमचे चेहरे लाल झाले होते. धाकटा तहानेने कासावीस झाला होता. तू मात्र पाणीसुद्धा न पिता आधी माझ्याकडे आलीस. "मी वरून किती वेळ हात करत होते! तू बघितलंच नाहीस."

"अगं, एवढ्या झाडीतून मी कुठली दिसणार तुला?" मी म्हणाले आणि ताटल्या मांडायला घेतल्या.

पुढची वेळ अजून आलेली नाही. तुमच्या शाळा, आईबाबांच्या रजा, तिकिटं, सगळं मला समजतं.

या थंडीत आमच्या सोसायटीतल्या बायकांची सहल तिथेच गेली. जागा तीच, माकडंही बहुधा तीच. मी तोंड उघडायच्या आधीच आपल्या शेजारच्या बाई बसकण मारून म्हणाल्या, "माझे गुडघे धरलेत. मी बसते की सामानापाशी. तुम्ही जावा."

माझं वाक्य त्यांनी घेतल्यावर मला काय करावं कळेना. मग निघाले.

वाट खरंच सोपी होती. पायाखाली सागाची वाळकी पानं वाजत होती, दमलं तर टेकायला मधेमधे बाक होते. अवघड चढ आता येईल, पुढच्या वळणावर येईल, असं म्हणत चालले होते, तोवर कठडा आला आणि वाट संपली. एवढंच होतं. माझ्या मनात ती टेकडी केवढी उंच झाली होती!

कठड्यापाशी झाडी थोडी विरळ आहे. खाली पाहिलं तर मोकळी जागा, आमची नारिंगी चादर आणि तिच्यावर शेजारच्या बाई, सगळं स्पष्ट दिसत होतं. टेकडीकडे पाठ करून त्या डबे झाकत होत्या. मी हात केला. हाकही मारली, ती वाऱ्यावर गेली. पुष्कळ वेळ हात करत राहिले. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "काय आहे हो वर?"

"काही नाही. आपण दिसतो."

"आपण?"

"हो. सामानापाशी बसलेल्या."

"अगं बाई! मग एवढं चढलात कशाला? मी हितं बसूनच सांगितलं असतं की!"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि ताटल्या मांडल्या. जेवायला मात्र टेकडीकडे तोंड करून बसले. वर कठड्यापाशी कुणी नव्हतं.