आंटी अफ्राकोमांचा डावा हात

आंटी अफ्राकोमा घानातल्या कुमासी शहरात, केजेतिया बाजारात एकतीस वर्षं छापील कापड विकत होत्या. मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. पाय सुधारला, जीभ तर बिघडलीच नव्हती. पण इथे देणं-घेणं उजव्या हातानं. डावा पुढे केला तर तो अपमान. नाइलाज असेल तर आधी ‘डाव्याची माफी’ म्हणायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाची माफी मागत कापड विकायचं, हे आंटींना मान्य नव्हतं. त्या पुन्हा बाजारात गेल्याच नाहीत. गाळ्याला कुलूप होतं, किल्ली शेजारच्या गाळ्यातल्या पोमाकडे. गाळा ठेवायचा की सोडायचा, ते महिनाअखेर सांगायचं होतं.

आम्ही सात वर्षं त्यांच्या शेजारी राहतो. माझी सावनी इथेच बोलायला शिकली. ती डावरी आहे. शाळेत तिनं बाईंना वही कुठल्या हातानं दिली असेल, ही धास्ती मला रोज असते.

शनिवारी मी आंटींना म्हटलं, “सावनीच्या फ्रॉकला कापड घ्यायचंय. मला भाव करता येत नाही. चला ना.”

“सात वर्षं राहून भाव येत नाही? चारचौघांत माझी ओळख सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. पण डोक्याला रुमाल बांधायला घेतला. दुसरं टोक सावनीनं धरलं.

बाजाराच्या तोंडाशीच सावनीला भाजलेलं केळं आणि शेंगदाणे हवे झाले. केळेवालीनं पुडी पुढे केली तसा आंटींनी डावा हात कमरेच्या कापडाखाली लपवला. “पोरीकडे दे.” टोमॅटोवालीकडेही तेच झालं. मग मीच पुढे होऊन वस्तू घेऊ लागले. सुक्या मासळीच्या गाळ्याशी मी आंटींच्या आधीच हात पुढे केला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “सावनीची आई, तुला मी माझा हात म्हणून कामावर ठेवलेलं नाही.”

मी मागे राहून चालू लागले.

पोमा दिसताच ओरडली, “अगं, मला वाटलं मेलीस!”

“तुझ्याआधी? एवढी घाई नाही मला.”

पोमानं निळ्या कापडाचा गठ्ठा उलगडला. आंटींनी डाव्या हाताच्या दोन बोटांत काठ चोळला. “एका धुण्यात पाणी निळं होईल. हे लेकराच्या अंगावर घालू?” दुसरा आला, तिसरा आला. पिवळ्यावर पक्षी असलेला सावनीला आवडला. मग भावावरून दोघींनी एकमेकींच्या आज्ज्यांपर्यंत उद्धार केला आणि सौदा ठरला. मी नोटा काढल्या. आंटींनी त्या माझ्या हातातून घेतल्या आणि पोमापुढे धरल्या.

“डाव्याची माफी.”

शेजारच्या गाळ्यांतलं बोलणं थांबलं. पोमानं नोटांवरून नजर आंटींच्या त्या हाताकडे नेली.

“एकतीस वर्षं उजव्या हातानं माझी गिऱ्हाइकं पळवलीस,” ती म्हणाली, “तेव्हा कधी माफी मागितली नाहीस. बघू, हा तरी सरळ आहे का.” आणि नोटा घेतल्या.

अख्खी रांग हसली. आंटीही हसल्या, ओठ एका बाजूला थोडा ओढला जात होता.

पोमानं गाळा बहिणीवर सोपवला आणि आम्हाला मागच्या खानावळीत नेलं. फुफूचे, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचे, हातानंच खायचे मऊ गोळे आणि मटणाचं सूप आलं. आंटी वाडग्याकडे बघत बसल्या. घरी त्या दार लावून जेवतात, हे मला माहीत होतं. मी खानावळवालीला म्हटलं, “एक चमचा द्याल का?”

“फुफूला चमचा!” बाई जवळजवळ दचकलीच.

“माझा हात गेलाय, अक्कल नाही,” आंटी मला म्हणाल्या. मी खानावळवालीला चमचा नको अशी खूण केली.

पोमानं स्वतःचा वाडगा बाजूला सारला आणि आंटींचा दोघींच्या मध्ये ओढला. “इकडचं मटण माझं, तिकडचं तुझं. हात कुठलाही घाल, पण हद्द ओलांडलीस तर बघ.” तिनं तांब्या उचलून आंटींच्या डाव्या हातावर पाणी ओतलं.

आंटींनी गोळ्याचा लचका तोडला, सुपात बुडवला आणि गिळला. पहिला घास हनुवटीवर सांडला. दुसरा नाही.

सावनीही डाव्या हातानं जेवू लागली. मी सवयीनं तिचं मनगट धरायला गेले आणि आजूबाजूला पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे हाडावरून भांडणाऱ्या त्या दोघींकडे बघत होते. मी हात मागे घेतला.

निघताना पोमा म्हणाली, “सोमवारी लवकर ये. तुझं कुलूप गंजलंय, मला उघडत नाही.”

“दोन हात असून?” आंटी म्हणाल्या, आणि किल्लीसाठी डावा हात पुढे केला. या वेळी माफी मागितली नाही.