लातूरच्या रांगेत आरमार

अक्काने मला पाण्याच्या रांगेत घागरी सांभाळायला बसवलं आणि मी कादंबरी वाचत बसलो. टँकर येऊन गेला. तिन्ही घागरी कोरड्या राहिल्या.

अक्काकडे लातूरला यायला नांदेडहून निघतानाच ती जाडजूड आरमारी कादंबरी पिशवीत होती. समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. पण गलबतं, शिडात भरलेला वारा, तोफांचा धूर म्हटलं की मला तहानभूक राहत नाही. वाटेत लोह्याला एसटी थांबली तेव्हा एका हाताने सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट पदार्थ) खात दुसऱ्याने पानं उलटली. लढाई हळदीने पिवळी झाली.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “काय वाचून राहिलात?”

“समुद्रावरची लढाई.”

त्याने खिडकीबाहेरच्या भेगाळल्या रानाकडे पाहिलं. “वाचा. तेवढंच गार वाटंल.”

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग तेवढा ओला, बाकी सगळं कोरडं. भावजी अशाच एका कचेरीत बदलून आलेले. टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. घरात तांब्याभर पाणी, आणि अक्काच्या सासूबाई तापाने अंथरुणात.

रांगेचा कायदा साधा होता. घागर नंबर धरते. पण टँकर आला की घागरीला माणसाचा हात हवा. बिनहाताची घागर लोक बाजूला सारतात. “हात काढू नको,” अक्काने बजावलं आणि ती सासूला औषध द्यायला गेली.

कादंबरीत वारा पडला होता. गलबत जागचं हलेना. खलाशांचा म्होरक्या तांडेल एकेकाला ओंजळभर पाणी देत होता. पान उलटायला मी हात काढला. तेवढ्यात पाण्याचा खळखळाट झाला. मी मनात म्हटलं, पडला एकदाचा पाऊस गलबतावर. काय लिहितो हा माणूस! मान वर केली तेव्हा रांग पांगली होती आणि आमच्या घागरी लिंबाखाली आडव्या होत्या.

“तीनदा हाका मारल्या, पाव्हणं,” शेजारच्या मावशी म्हणाल्या आणि आपली अर्धी घागर अक्काच्या घागरीत ओतली. “म्हातारीसाठी देते. तुमच्यासाठी न्हाई.”

उरलेल्या दोन घागरींनी मी गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणलं. चार खेपा. गढूळ पाणी, खांदे सोललेले. तेव्हा कळलं, या पुस्तकांची सगळी गोडी तहान दुसऱ्याची असते म्हणून.

सासूबाईंचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. अक्का गाडीवर पोचवायला आली. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली, “पुस्तक चांगलं हाय रे, मी रात्रीतून वाचलं. दुसरा भाग असंल तर टपालानं धाड. तू येऊ नको.”