कंबर सांभाळणारी अक्का

“उठा वं बायांनो, कंबर सरळ करा!”

कापसाच्या ओळीच्या टोकाला पोचलं की अक्का असं ओरडायची. आम्ही अकरा जणी हातातलं बोंड सोडून उभ्या राहायचो, दोन्ही तळहात कंबरेवर टेकवायचो आणि हळूच मागं वाकून आभाळाकडं बघायचो. चार-पाच श्वास झाले की पुन्हा वेचणी.

हिवाळ्यात तुम्ही कधी आदिलाबादजवळच्या मावल्याच्या बाजूनं गेला असाल, तर हे दृश्य तुमच्याही नजरेला पडलं असेल. एकदा एक जीप थांबली. आतले साहेब काच खाली करून म्हणाले, “कौनसी पूजा चल रही है?”

“कमर की पूजा है साब,” अक्का म्हणाली. “आप भी करो. जीप में बैठ बैठ के आपकी भी गई होगी.”

साहेब हसले. पण खाली उतरले आणि खरोखरच आमच्यासारखे मागं वाकले.

अक्का आमच्या गल्लीतली. तिला सगळे अक्काच म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. वेचणीची टोळी तिची होती. मी तेव्हा आदिलाबादला कॉलेजात शिकत होते आणि सुटीच्या दिवशी आईबरोबर टोळीत जात होते. आमच्याकडची थंडी बोचरी. उघड्या ऑटोत दाटीवाटीनं बसून शेतावर पोचेपर्यंत गुडघे आणि पाठ आखडून जायची. अक्का उतरल्या उतरल्या कुणाला वाकू देत नसे. आधी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन फेऱ्या, भराभर. अंग तापलं की मग ओळीत शिरायचं. कंबरेला जुन्या लुगड्याची घट्ट नसलेली, पण ऊब देणारी पट्टी. वेचलेला कापूस पोटाशी बांधलेल्या झोळीत साठतो. ती अर्धी भरली की रिकामी करायची. गठुडं उचलायचं तर दोघींनी, गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून. आणि पाणी प्यायचं. थंडीत तहान लागत नाही, शिवाय उघड्या रानात आडोसा शोधावा लागतो म्हणून बाया पाणीच पीत नसत. अक्का तांब्या घेऊन समोर उभी राहायची. “पे माय. मी येतो तुयासोबत झाडामागं.”

ती कधी रागावलेली मी पाहिली नाही. फक्त एकदा सोडून.

त्या वर्षी डिसेंबरात आभाळ भरून आलं होतं. फुटलेला कापूस भिजेल या काळजीनं एका शेतमालकानं निरोप धाडला, की रोजानं नको, वजनावर वेचा, आणि तांबडं फुटायच्या आत या. वजनावर म्हणजे जितकं जास्त वेचाल तितकं जास्त मिळणार. बायांचे डोळे चमकले. अक्का म्हणाली, “त्या थंडीत, दवात मी कोनाले वाकू देनार नाही.”

“तू नोको येऊ,” माझी आई म्हणाली. “आमच्या कंबरा आमच्या हायेत.”

अक्काचा चेहरा लाल झाला. “तुयी कंबर तुयी एकटीची हाय काय वं? घरी पोरगी हाय, सासू हाय. ते कोनाच्या भरोशावर हायेत?” एवढं बोलून ती घरात निघून गेली.

आईसकट पाच जणी त्या शेतावर गेल्या. टोळी मोडली. उरलेल्या बायांना घेऊन अक्का काम शोधत फिरली. बरेच दिवस तिला कामच मिळालं नाही.

पाचव्या दिवशी आईला ऑटोत आडवं घालून घरी आणलं. अंधारात, गारठलेल्या अंगानं तिनं भरलेलं गठुडं एकटीनं डोक्यावर घ्यायला उचललं, आणि तिथंच ती खाली बसली होती.

तासाभरात अक्का दारात. मला वाटलं, आता ऐकवणार. ती आईच्या पायाशी बसली.

“पायाले मुंग्या येतात काय?”

“नाही.”

“लघवीले नीट होते न?”

आईनं मान हलवली.

“तरी दाक्तरले दाखवल्याबिगर मी हात लावनार नाही,” असं म्हणून तिनं गल्लीतला ऑटो बोलावला.

डॉक्टरांनी तपासलं. नस दबलेली नव्हती, स्नायू दुखावले होते. दोन-तीन दिवस आराम करा, मग थोडं थोडं चालायला लागा, ऊब द्या, पडूनच राहू नका, असं त्यांनी सांगितलं. अक्कानं ते शब्दन् शब्द पाळून घेतलं. गार फरशीवर तिनं तनस, म्हणजे वाळलेलं गवत, पसरली, वर सतरंजी आणि वाकळ घातली. रोज संध्याकाळी येऊन ती आईच्या पाठीला गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायची. चौथ्या दिवसापासून तिचा हात धरून तिला अंगणात फिरवू लागली. आई तिच्या नजरेला नजर देत नव्हती.

एका संध्याकाळी शेकता शेकता आई रडायला लागली. “मी तुयं आयकलं नाही, अक्का.”

“मी तरी कोनाचं आयकलं होतं?”

मग पिशवी बाजूला ठेवून तिनं सांगितलं. ती विशीत होती. पूस महिन्यातली थंडी होती, आणि बाकीच्या नको म्हणत असताना तिनं असंच एकटीनं गठुडं उचललं. कंबरेत कट्कन वाजलं. तेव्हा कुणी दवाखान्यात नेलं नाही. आठ महिने ती खाटेवर होती. मुलगी नुकती रांगायला लागली होती. “रांगत रांगत खाटेपाशी यायची,” अक्का म्हणाली. “हात वर करायची, घे म्हनून. मले उचलता येत नव्हतं. मंग सासू उचलायची. काही दिवसांनी ते पोरगी माह्याकडं हात करायचीच बंद झाली.”

आई रडायची थांबली.

“आता लेक चांगली हाय, नेरडीगोंड्याले नांदते,” अक्का घाईनं म्हणाली. “फोन करते रोज. पन ते आठ महिने गेले ते गेलेच.” आणि तिनं पुन्हा पिशवी उचलली.

संक्रांतीनंतर आई वेचणीला परतली, अक्काच्याच टोळीत. बाकीच्या चौघीही आल्या. पुढच्या हिवाळ्यात तो शेतमालक स्वतः गल्लीत आला आणि म्हणाला, “ऊन निघाल्यावर येजा, पन येजा.” अक्कानं त्याला चहा पाजला आणि सगळ्या अटी एकेक करून त्याच्याकडून वदवून घेतल्या.

मी आता उटनूरजवळच्या शाळेत शिकवते. या पावसाळ्यात अक्काला तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. मला मातीला पोचता आलं नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी आले तेव्हा वेचणी सुरू झाली होती. एका सकाळी आईबरोबर मीही निघाले. गल्लीतून बाया चढल्या. ऑटोवाला सवयीनं अक्काच्या दारासमोर थांबला आणि त्यानं हॉर्न वाजवला. दाराला कुलूप होतं. त्याच्या लक्षात आलं तसं त्यानं इंजीन बंद केलं, आणि आमच्याकडं न बघता हँडलवर हात ठेवून बसून राहिला. आमच्या तोंडातून वाफ निघताना दिसत होती, तेवढीच हालचाल.

मग आई म्हणाली, “चाल बापा.”